सेलेनियम : कणभर हवे, पण कणभरच

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस गळू लागले होते. वयोमानाप्रमाणे थोडे थोडे गळणे वेगळे. इथे आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस ओढताच मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. त्यात लहान मुले होती, कॉलेजात जाणारी मुले-मुली होत्या, घरातल्या कर्त्या बायका होत्या. काहींना ताप, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या, उलट्या-जुलाब असाही त्रास झाला. बघता बघता अठरा गावांत अडीचशेहून अधिक लोकांना ही बाधा झाली. तरुण मुलींनी घराबाहेर पडणे बंद केले, मुलांची शाळा-कॉलेजे सुटली, ठरत आलेली लग्ने अडली.

केस परत येतात. शेगावातही पुढच्या काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवू लागले. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काही लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे प्रश्न फक्त केसांचा नव्हता. शरीरात काहीतरी गेले होते आणि ते आपली खूण ठेवून जात होते.

पाणी, बुरशी की आणखी काही?

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला. हा खारपाणपट्ट्याचा भाग, त्यामुळे तो संशय स्वाभाविक होता. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा नायट्रेटचे प्रमाण जास्त निघाले. काही जणांनी शांपूला दोष दिला. आरोग्य यंत्रणेने त्वचेवरच्या बुरशीची शक्यता बोलून दाखवली. आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले आणि त्याने रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेतले.

याच काळात विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत गेले. त्यांनी स्वखर्चाने तपासण्या करवून घेतल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. बाधित लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले होते. रक्तात सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. शिवाय शरीरातले जस्त कमी झालेले होते. सेलेनियम आले कुठून? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रेशन दुकानातून मिळालेल्या गव्हातून. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता आणि त्यात स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट सेलेनियम आढळले.

रेशनचा गहू ज्यांच्या घरात शिजतो अशा प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट समजून घ्यायला हवी. घाबरण्यासाठी नव्हे, तर प्रश्न विचारता यावेत म्हणून.

सेलेनियम म्हणजे काय?

सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले एक मूलद्रव्य. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्ल तयार करणाऱ्या कारखान्याच्या गाळात ते सापडले. ग्रीक भाषेत चंद्राला ‘सेलिनी’ म्हणतात, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ त्याला निव्वळ विष समजत होते. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्झ यांनी दाखवून दिले की अत्यल्प सेलेनियम दिल्यास उंदरांच्या यकृताचा नाश टळतो. तेव्हापासून विष म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ ‘आवश्यक सूक्ष्मद्रव्य’ ठरला. तो विष आहे हेही खरे आणि आवश्यक आहे हेही खरे. फरक पडतो तो मात्रेने.

ही मात्रा किती लहान असते? आपल्याकडे प्रौढ माणसासाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरेसे मानले जाते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले चाळीस भाग. हिशेब केला तर एक ग्रॅम सेलेनियम एका माणसाला अडुसष्ट वर्षे पुरेल. अमेरिकेत ही गरज ५५ मायक्रोग्रॅम धरतात आणि दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असे सांगतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२३ मध्ये ही वरची मर्यादा २५५ वर आणली. मिठात, साखरेत, तेलात थोडे कमी-जास्त चालून जाते. सेलेनियममध्ये गरज आणि धोका यांच्यातली पट्टी फारच अरुंद आहे.

शरीरात त्याचे काम

आपल्या शरीरात सेलेनियम सुटे फिरत नाही. ते प्रथिनांत गुंफले जाते. माणसात अशी सेलेनियमयुक्त प्रथिने बनवणारी पंचवीस जनुके आहेत. त्यांची मुख्य कामे दोन.

पहिले काम रक्षणाचे. श्वासातून घेतलेला प्राणवायू पेशींमध्ये वापरला जातो तेव्हा काही दाहक उपपदार्थ तयार होतात. ते साचले तर पेशींची आवरणे खराब होतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचे एन्झाइम हे उपपदार्थ निकामी करते आणि त्याच्या गाभ्यात सेलेनियम असते. ही गोष्ट १९७३ मध्ये सिद्ध झाली.

दुसरे काम थायरॉईडचे. गळ्यातली ही ग्रंथी जे हार्मोन बनवते ते बरेचसे सुप्त स्वरूपात असते. त्याला कामाच्या स्वरूपात आणणारी एन्झाइमे सेलेनियमवर चालतात. म्हणून थायरॉईडसाठी आयोडीन जितके गरजेचे, तितकेच सेलेनियमही. याशिवाय रोगप्रतिकारशक्ती आणि पुरुषांमधील शुक्राणूंची वाढ यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

कमी पडले तर : केशानची गोष्ट

चीनच्या ईशान्येकडील हेलाँगजियांग प्रांतात केशान नावाचा तालुका आहे. १९३५ च्या हिवाळ्यात तिथे माणसे अचानक मरू लागली. हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगायचे आणि बंद पडायचे. बळी जायचे ते मुख्यतः लहान मुलांचे आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांचे. या रोगाला ‘केशान रोग’ हेच नाव पडले. पुढे लक्षात आले की चीनच्या ईशान्येपासून नैऋत्येपर्यंत एक लांब पट्टा आहे, जिथे मातीत सेलेनियम जवळजवळ नाही, आणि रोग नेमका त्याच पट्ट्यात आहे.

रोग व्हायचा तो शेतकरी-मजूर कुटुंबांत, जी स्वतःच्या शेतातले धान्यच वर्षभर खात. त्याच भागातल्या शहरी घरांत, जिथे बाहेरून आलेले वेगवेगळे अन्न ताटात यायचे, तिथे हा रोग क्वचितच दिसायचा. माती गरीब होती आणि ताटही एकाच मातीचे होते.

१९७४ मध्ये सिचुआन प्रांतात मुलांना आठवड्यातून एकदा सेलेनियमची गोळी देऊन पाहिले. गोळी न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना रोग झाला. गोळी मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी फक्त १० जणांना. यानंतर मोठ्या प्रमाणावर गोळ्या आणि सेलेनियमयुक्त मीठ देण्यात आले. पुढे आणखी एक उलगडा झाला. या रोगात कॉक्सॅकी नावाच्या विषाणूचाही हात असतो. १९९५ मध्ये मेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की सेलेनियम नसलेल्या शरीरात शिरल्यावर एरवी निरुपद्रवी असलेला हा विषाणू बदलतो आणि हृदयावर हल्ला करणारा बनतो. अपुऱ्या पोषणामुळे माणूस दुबळा होतो हे आपल्याला माहीत होते. अपुऱ्या पोषणामुळे रोगजंतू बलवान होतो, हे नवे होते.

जास्त झाले तर : एन्शीची गोष्ट

त्याच चीनमध्ये, हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात, नेमके उलटे घडले. १९६१ ते १९६४ या काळात तिथल्या काही गावांत लोकांचे केस आणि नखे गळू लागली. सर्वाधिक बाधा झालेल्या गावांत जवळपास निम्मे लोक आजारी होते. काहींच्या हातापायांत बधिरता आली, काहींना चालणे अवघड झाले. तिथल्या दगडी कोळशात प्रचंड सेलेनियम होते. ते झिजून मातीत उतरले. त्यात दुष्काळ पडला, भाताचे पीक बुडाले, आणि लोकांना त्या मातीतल्या मक्यावर आणि भाज्यांवर दिवस काढावे लागले. मक्यात आणि भाज्यांत सेलेनियम भरलेले होते. त्या लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होते, असा हिशेब नंतर निघाला.

सेलेनियमच्या विषबाधेची लक्षणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. केस गळणे. नखांवर पांढरे पट्टे येणे, नखे ठिसूळ होणे, गळणे. श्वासाला लसणासारखा वास येणे. सतत थकवा, मळमळ, जुलाब. हातापायांना मुंग्या आणि बधिरता. लसणाच्या वासाचे कारण असे की जास्तीचे सेलेनियम शरीर श्वासावाटे वायुरूपात बाहेर टाकते.

जनावरांचे खूर आणि शिंगे

माणसाच्या आधी ही गोष्ट जनावरांनी सोसली. अमेरिकेतल्या आजच्या दक्षिण डकोटा राज्यात फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर मॅडिसन नावाचे डॉक्टर होते. १८५०च्या दशकात त्यांनी लिहून ठेवले की घोड्यांच्या मानेचे आणि शेपटीचे केस गळतात, खुरांना भेगा पडतात, खूर सुटून येतात. तिथे वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांनी याचा दोष खाऱ्या पाण्याला दिला आणि रोगाला ‘क्षाररोग’ म्हटले. खरा दोषी पाण्यात नव्हता, गवतात आणि धान्यात होता. १९३०च्या दशकात सेलेनियमचे नाव पुढे आले. शेगावातही पहिला संशय पाण्यावर गेला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. डोळ्यांना पाणी खारट दिसते, जिभेला लागते. गव्हाच्या दाण्यातले सेलेनियम ना दिसते, ना चवीला लागते.

एकदम मोठा डोस गेला तर काय होते हे एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात दिसले. पोलोच्या सामन्यासाठी आणलेल्या घोड्यांना टॉनिकचे इंजेक्शन दिले गेले. त्यात चुकून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सेलेनियम पडले होते. एकवीस घोडे दगावले.

पण जनावरांना सेलेनियम कमी पडले तरी नुकसान होतेच. वासरे, करडे, कोकरे यांचे स्नायू पांढुरके पडून ती उभी राहू शकत नाहीत. याला ‘पांढऱ्या स्नायूंचा रोग’ म्हणतात. गाई-म्हशींची वार वेळेवर पडत नाही, कासदाह वाढतो. न्यूझीलंडमध्ये माती सेलेनियमला इतकी गरीब आहे की तिथले मेंढपाळ कित्येक दशकांपासून मेंढ्यांना ते बाहेरून देतात. म्हणून शेळी-म्हैस पाळणाऱ्यांनी खनिज मिश्रण पशुवैद्यकाला विचारून द्यावे. सेलेनियम असलेले मिश्रण अंदाजाने, मूठ वाढवून देऊ नये. जनावराला चाऱ्यातून किलोमागे ०.१ ते ०.३ मिलीग्रॅम एवढेच लागते आणि ५ मिलीग्रॅमच्या आसपास गेले की दीर्घकाळात विषबाधा होऊ शकते.

पिके आणि माती

पिकांना स्वतःला सेलेनियमची गरज असल्याचे दिसत नाही. तरी ती ते शोषतात, कारण मुळांना गंधक आणि सेलेनियम यांतला फरक नीट कळत नाही. गंधकासाठी असलेल्या दारातूनच सेलेनियम आत शिरते. थोडे असेल तर पीक चांगले दिसते, दाणा भरतो, आणि नेमका इथेच धोका आहे. पीक मरत नाही, पण खाणाऱ्याला आजारी पाडते. फार जास्त झाले तर गव्हाची कोवळी पाने बर्फासारखी पांढरी पडतात.

माती अल्कधर्मी असेल तर सेलेनियम पाण्यात सहज विरघळते आणि पिकात चढते. आम्लधर्मी मातीत ते लोहाला चिकटून बसते. मोहरीसारखी गंधक जास्त ओढणारी पिके सेलेनियमही जास्त ओढतात. काही रानटी वनस्पती तर ते स्वतःच्या पानांत हजारो पटींनी साठवतात आणि त्यामुळे अळ्या व चरणारी जनावरे त्यांच्यापासून दूर राहतात.

पाण्याचीही गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतांचे जादा पाणी चरांतून केस्टरसन नावाच्या तलावात सोडले जात होते. १९८३ मध्ये तिथे पाणपक्ष्यांची पिल्ले डोळे, चोच, पाय नसलेली जन्माला येऊ लागली. मातीतले सेलेनियम सिंचनाच्या पाण्यात विरघळून तलावात साचले होते. शेवटी तो तलाव बंद करावा लागला.

पंजाबातली शेते

आपल्या देशात सेलेनियमयुक्त माती कुठे आहे? सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो पंजाबातल्या नवांशहर (आता शहीद भगतसिंग नगर) आणि होशियारपूर जिल्ह्यांतल्या काही गावांचा. १९८०च्या दशकात पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते उजेडात आणले. शिवालिक टेकड्यांवरून पावसाळी ओढे जो गाळ आणतात, त्यात सेलेनियम असते. वर्षानुवर्षे तो गाळ शेतात बसला, त्यात सेलेनियम असलेल्या भूजलाचे सिंचन झाले. या शेतांतला चारा खाणाऱ्या जनावरांचे खूर सुटले, शिंगे गळली, शेपटीचा गोंडा झडला. माणसांचेही केस आणि नखे गळाली.

ही शेते पंजाबच्या एकूण शेतीचा अगदी छोटा तुकडा आहेत. म्हणून पंजाबचा सगळा गहू विषारी, असे म्हणणे चुकीचे आणि अन्यायाचे होईल. पण धान्य खरेदीच्या व्यवस्थेत ट्रकभर गहू एका ठिकाणचा असू शकतो आणि तो तसाच्या तसा हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या एका तालुक्यात उतरू शकतो. पंजाबातला शेतकरी आपल्या शेताचा गहू विकून दुसरा खाऊ शकतो. आपल्याकडे आलेला गहू कुठल्या शेतातला, हे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोण सांगणार?

उपाय नाहीत असे नाही. पंजाबच्या शास्त्रज्ञांनीच दाखवले आहे की अशा जमिनीत जिप्सम टाकले तर त्यातले गंधक मुळांच्या दारात गर्दी करते आणि सेलेनियम कमी चढते. म्हणजे प्रश्न मातीतून सुटू शकतो.

पोळीचा हिशेब

आता शेगावच्या गव्हाकडे परत येऊ. डॉ. बावस्करांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलीग्रॅम सेलेनियम होते. धुतल्यावर ते १३.६१ झाले. धुऊन जेमतेम सहा टक्के कमी झाले. याचा अर्थ ते दाण्याच्या वर नव्हते, आत होते. गहू धुऊन, वाळवून, पाखडून त्यापासून सुटका होत नाही.

या आकड्यावरून आपणच हिशेब करू. शंभर ग्रॅम पीठ म्हणजे साधारण तीन-चार पोळ्या. त्यांतून १,४५२ मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाईल. अमेरिकेने ठरवलेल्या वरच्या मर्यादेच्या साडेतीन पट. कष्टाचे काम करणारा माणूस दिवसाला तीनशे ग्रॅम पिठाच्या नऊ-दहा पोळ्या खाईल, तर ४,३५६ मायक्रोग्रॅम. एन्शीत केस-नखे गळालेल्या लोकांच्या सरासरीच्या जवळचा आकडा.

ज्याच्या घरात ज्वारीची भाकरी, विकतचा गहू, तांदूळ, डाळ असे सगळे येते त्याला अशा एका पोत्याचा फटका कमी बसेल. ज्याचे घर एकाच पोत्यावर चालते त्याला पूर्ण बसेल. केशानमध्येही हेच झाले होते. सेलेनियम कमी असो वा जास्त, त्याचा पहिला घाव एकसुरी ताटावर पडतो.

गोळ्या घ्याव्यात का?

सेलेनियमच्या गोळ्या आज औषध दुकानात सहज मिळतात. ‘केसांसाठी’, ‘थायरॉईडसाठी’, ‘मर्दानी ताकदीसाठी’, ‘कॅन्सर टाळण्यासाठी’ अशी त्यांची जाहिरात होते. अमेरिकेत २००१ पासून पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्यास प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे पाहायचे होते. काहीच फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. ज्यांच्या शरीरात आधीच पुरेसे सेलेनियम होते त्यांच्यात गोळीने उलट गंभीर प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढल्याचे नंतर आढळले. दुसऱ्या एका चाचणीत सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त दिसला.

२००८ मध्येच अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये लेबलवर लिहिल्यापेक्षा सुमारे दोनशे पट सेलेनियम भरले गेले. दोनशेहून अधिक लोकांना बाधा झाली. केस गळाले, नखे खराब झाली, सांधे दुखू लागले. केसांसाठी म्हणून घेतलेली गोळीच केस घालवू शकते. म्हणून डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय सेलेनियमची गोळी नको. आणि केस गळताहेत म्हणून तर मुळीच नको.

कमतरता खरोखर असेल तर तिचा उपाय सगळ्या समाजासाठी, मोजूनमापून करता येतो. फिनलंडची माती सेलेनियमला गरीब. त्यांनी १९८४ मध्ये निर्णय घेतला आणि देशभरच्या रासायनिक खतातच सेलेनियमची ठरावीक मात्रा मिसळली. पिकात ते चढले, दुधा-मांसात आले, लोकांच्या ताटात पोहोचले. दरवर्षी धान्य, दूध, रक्त तपासून त्यांनी ही मात्रा कधी कमी, कधी जास्त केली. गोळी विकत घेऊ शकणारा आणि न शकणारा, दोघांनाही सारखेच मिळाले.

आपल्या ताटात काय असावे?

चौरस आहार घेणाऱ्याला सेलेनियमची वेगळी काळजी करावी लागत नाही. मासळी, सुके बोंबील, जवळा, अंडी, मटण, कलेजी यांत ते चांगले असते. एका अंड्यात साधारण १५ मायक्रोग्रॅम. शाकाहारी ताटात गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, तीळ यांतून मिळते, पण किती मिळते हे ते पीक कोणत्या मातीत वाढले यावर ठरते. म्हणून एकाच धान्यावर भर नको. आठवड्यात काही दिवस ज्वारी, काही दिवस बाजरी, काही दिवस गहू-तांदूळ असा फेर ठेवला, तर एका धान्याची खोट दुसरे भरून काढते आणि एका धान्यातला दोषही शरीरावर पूर्ण उतरत नाही. बाजारात हल्ली ‘ब्राझील नट’ नावाचा महागडा सुका मेवा मिळतो. त्याच्या एकाच दाण्यात दिवसभराच्या गरजेहून जास्त सेलेनियम असू शकते. तो मूठभर खाण्याची गोष्ट नाही.

वस्तीने काय करावे?

एका माणसाचे केस गळाले तर त्याची कारणे पन्नास असतात. रक्तक्षय, थायरॉईड, बाळंतपण, टायफॉईड, ताणतणाव. पण एकाच वस्तीत आठ-पंधरा दिवसांत अनेकांचे केस किंवा नखे गळू लागली, तर ती सार्वजनिक आरोग्याची बाब आहे. अशा वेळी करणी, नजर, कोप असल्या गोष्टींत वेळ घालवू नये आणि लाजेने तोंड लपवूनही बसू नये. पुढील गोष्टी कराव्यात.

१. आशाताईंमार्फत किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा. किती घरे, किती माणसे, कोणत्या तारखेपासून, काय लक्षणे, याची यादी करा. बाधित घरांत काय समान आहे, विहीर, दुकान की धान्य, हेही लिहा.

२. घरातला संशयित गहू किंवा पीठ फेकून देऊ नका. किलोभर स्वच्छ, कोरड्या पिशवीत बंद करून त्यावर तारीख, दुकान आणि पोत्यावरचा शिक्का-क्रमांक लिहून ठेवा. तोच उद्या पुरावा असतो. बाकीचा गहू खाणे मात्र लगेच थांबवा, आणि जनावरांना, कोंबड्यांनाही घालू नका.

३. सेलेनियमच्या बाधेवर खात्रीचा उतारा नाही. विष आत जायचे थांबले की शरीर ते मुख्यतः लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकते. म्हणून महागडी तेले, इंजेक्शने, ‘विष उतरवणारी’ औषधे यांवर पैसे घालवू नका. मुंग्या, बधिरता, धाप, सततच्या उलट्या असतील तर मात्र रुग्णालय गाठा.

४. रेशनच्या धान्याबद्दल तक्रार १९६७ या टोल-फ्री क्रमांकावर आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करता येते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशन दुकानापासून जिल्ह्यापर्यंत दक्षता समित्या नेमण्याची तरतूद केली आहे. आपल्या गावात ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा. धान्याचा आणि रक्ताचा तपासणी अहवाल माहिती अधिकाराखाली मागा.

५. धान्य मिळणे बंद करून घेऊ नका. मागणी करायची ती बदलून चांगले धान्य देण्याची. दूषित धान्य नाकारणे आणि हक्काचे धान्य सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणीची मागणी आपण एका गावापुरती ठेवू नये. पंजाबातली सेलेनियमची शेते चाळीसएक वर्षांपासून माहीत आहेत. त्या पट्ट्यातला गहू पोत्यात भरण्याआधीच तपासणे अवघड नाही. त्याच शेतांत जिप्सम टाकणे, तिथले धान्य इतर धान्यात मिसळून विरळ करणे किंवा वेगळे काढणे, हे सगळे करता येण्यासारखे आहे. अडीचशे माणसांचे केस गळाल्यावर प्रयोगशाळेत जाणारा गहू गोदामातून निघण्याआधीच तिथे गेला पाहिजे. कायद्याने पात्र शिधापत्रिकाधारकांना दरमहा ठरावीक किलो धान्य दिले आहे. ते धान्य निर्धोक असणे हा त्या हक्काचाच भाग आहे, वरून मिळालेली मेहेरबानी नाही. पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय पत्रिकेवर घ्या आणि ठराव लेखी करून तहसीलदारांकडे पाठवा.